ट्रॉलीवरच्या बाईचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे. ती अनेकदा आली — एकदा तर ती स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आली, खुर्चीवर बसली आणि तिने मला सरळ विचारलं. पण ते पुढे येईल. आधी बाकीचं सांगतो. बातमीत आम्ही मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात लिहितो. ती शिस्त मी अनेक वर्षं पाळली. इथे ती पाळणं मला जमत नाही. तुम्ही हे ओळखालच, की जो माणूस मुख्य गोष्ट मागे ढकलतो, त्याला ती लिहायची नसते.

मी नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर काम शिकलो. अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असायचं — ‘अपघाताचे नेमके कारण कळू शकले नाही.’ नवीन असताना मला त्या वाक्याचा कंटाळा यायचा. ते आळशी माणसाचं वाक्य आहे असं वाटायचं. आमच्या धंद्यातलं कदाचित सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. जे माहीत नाही ते माहीत नाही, असं त्यात लिहिलेलं असायचं. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिथे काहीच उभं राहायचं नाही. जागा रिकामी राहायची.

माझं गाव पांढुर्णा, ते जिल्हा झालं तेव्हा मी परत आलो. नवीन जिल्हा, नवीन कार्यालयं, रोज काहीतरी घडत होतं आणि ते लिहायला माणसं कमी होती. विलासभाऊंनी स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या घेऊन बातम्यांचं एक पोर्टल सुरू केलं होतं. आधी त्यांचं फ्लेक्सचं दुकान होतं. बातमी म्हणजे काय याबद्दल त्यांची मतं कमी होती, पण लोक कशावर थांबतात हे त्यांना बरोबर कळायचं. माझी पहिली मोठी बातमी त्यांनी वाचली, मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, “लिवलं बढिया तुम्ही. पण लोकं वाचून नाही राहिले ना, भाऊ. हलतं पाहिजे काहीतरी.”

हलतं म्हणजे अॅनिमेशन. पूर्वी त्यासाठी नागपूरला स्टुडिओत जावं लागायचं, भारी संगणक लागायचा, शिकलेला माणूस लागायचा. आता ते सगळं ब्राउझरमध्ये आलं होतं. काही उतरवून घ्यायचं नाही, काही बसवायचं नाही. साइट उघडायची, डाव्या हाताला तयार माणसं, गाड्या, झाडं, घरं असतात, त्यातलं हवं ते उचलून मधल्या पाटीवर ठेवायचं, खाली वेळेची पट्टी असते, तिच्यावर कोण कधी कुठून कुठे जाईल ते सांगायचं. बटण दाबलं की सगळं चालायला लागतं. मी आठवड्याभरात शिकलो. मजा आली, हे लपवत नाही.

आणि आम्ही त्यातून चांगली कामंही केली — हे सांगणं भाग आहे, नाहीतर तुम्ही दोष त्या साधनाला द्याल. संत्र्याच्या झाडावर पानं काळी पाडणारी कोळशी कशी पसरते, पानाच्या मागच्या बाजूला किडा कुठे अंडी घालतो, फवारणीची वेळ कुठली — हे मी एका मिनिटाच्या अॅनिमेशनमध्ये दाखवलं. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका माणसाला शेजारी बसवून प्रत्येक चौकट तपासून घेतली. सौसरच्या बाजारात एका बागायतदाराने मला थांबवून सांगितलं, की इतकी वर्षं ऐकत होतो, पण आता पाहिलं तेव्हा समजलं. तो दिवस मला आठवतो. जे डोळ्यांना दिसत नाही पण खरं आहे, ते या साधनाने दाखवता येतं. जे खरं आहे की नाही हेच माहीत नाही, ते दाखवायचं नसतं. दोन्हीतला फरक मला कळत होता. म्हणजे, कळत नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

अपघात थंडीत झाला, कापूस वेचायच्या दिवसांत. सौसरकडून पांढुर्ण्याकडे येणारा रस्ता, मोहगावच्या बाजूला एक फाटा. फाट्याचं नाव मी लिहीत नाही. कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन नामदेव नावाचा शेतकरी ट्रॅक्टर चालवत होता. फाट्यावर तो गावाकडे जायला उजवीकडे वळला. मागून मोटरसायकलवर एक शिक्षक येत होते, तिशीपस्तिशीचे. ते ट्रॉलीला उजवीकडून मागे टाकायला गेले आणि ट्रॉलीच्या पुढच्या चाकाशी सापडले. जागेवरच गेले. दुपारचे चार वाजले असतील. ट्रॉलीला मागे वळण दाखवणारा दिवा नव्हता, हेही लिहून ठेवतो. ते खरं आहे.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, जी आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. कापसाची ट्रॉली इतकी उंच भरलेली असते, की मागच्याला ट्रॅक्टर दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, त्याने हात बाहेर काढला तरी तो दिसत नाही. म्हणून वर कापसावर एक माणूस बसतो — बहुतेक वेळा बाई. कापूस उडू नये म्हणून वरचं कापड धरून ठेवायचं आणि वळण आलं की त्या बाजूला पूर्ण हात काढून दुपट्टा हलवायचा, हे तिचं काम. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. पण या रस्त्यावरचे सगळे तो दुपट्टा ओळखतात. बसचे ड्रायव्हरही ओळखतात.

त्या दिवशी वर शेवंताबाई होती. नामदेवची थोरली बहीण, पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारल्यापासून भावाकडेच राहणारी. गावात तिची ख्याती होती. शेवंताबाई वर बसली, की ड्रायव्हरने मागे बघायचं काम नाही, असं लोक म्हणायचे. दुसऱ्यांच्या ट्रॉल्यांवरही तिला बोलवून न्यायचे. घरात, गावात तिला जो काही मान होता तो या एका गोष्टीचा होता.

मी फाट्यावर पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. शेवंताबाई रस्त्याच्या कडेला बसली होती, केसांत, कानांत कापूस. मी वही काढली. तिने न विचारता सांगितलं, आणि मी शब्दाला शब्द लिहून घेतलं — “मी दूरूनच हात काढला होता, भाऊ. लाल दुपट्टा हाये, हा पाहा. दोन डाव हालवला. त्यानं पाह्यलंच नाही.” मग मी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. बाबाराव त्याचं नाव. तो म्हणाला, “हाव, बाईनं दुपट्टा हालवला ना. मी ट्यूब पाण्यात धरून होतो, वर पाह्यलं तं लाल दिसलं.” तेही लिहिलं. वेळ लिहिली. दोन माणसं, एकमेकांशी न बोलता, एकच गोष्ट सांगत होती. डेस्कवर असतो तर हा मजकूर मी पहिल्या परिच्छेदात घेतला असता.

ऑफिसात आलो तर विलासभाऊ म्हणाले, “मजकूर उद्या. आधी हलतं टाका. लोकं विचारून राहिले कसं झालं म्हणून.”

कसं झालं. मी साइट उघडली. तयार ट्रॅक्टर होता, परदेशी शेतातला, काचेच्या केबिनचा. ट्रॉली नव्हती, एका ट्रकचा मागचा भाग कापून मी ट्रॉली केली आणि तिच्यावर कापूस म्हणून पांढरा ढग ठेवला. मोटरसायकल होती. रस्ता होता. मग शेवंताबाई शोधायला लागलो. तयार बायकांमध्ये डॉक्टर होती, शिक्षिका होती, ऑफिसच्या खुर्चीवर बसलेली एक होती. साडी नेसून उंचावर बसलेली, हातात कापड धरलेली — अशी कोणी नव्हती. कशी असणार? ज्यांनी ती चित्रं काढली त्यांनी अशी बाई पाहिलीच नसेल. हात हलवणारी एकच होती, फ्रॉक घातलेली मुलगी, निरोप घेताना हलवतात तसा हात हलवणारी. मी ती ढगावर बसवून पाहिली. बटण दाबलं. ती हसत होती. त्या साइटवरची सगळीच माणसं हसतात. ट्रॉली वळते, मोटरसायकल येते, माणूस मरतो आणि वर ती मुलगी हसत हात हलवते आहे.

विलासभाऊ मागे उभे होते. त्यांना हसू आवरेना. “काढा बापा तिले. पिकनिकले चालली का ते?”

मी ती काढून टाकली. हे बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. पण तिच्या जागी काय ठेवायचं होतं? मला हाताने चित्र काढता येतं. एक बसलेली आकृती, एक हात, एक लाल पट्टी — अर्ध्या दिवसाचं काम होतं. किंवा तिथे चित्र थांबवून लिहिता आलं असतं, की ट्रॉलीवरच्या महिलेने इशारा दिल्याचं ती आणि एक प्रत्यक्षदर्शी सांगतात. किंवा संपूर्ण अपघातच न दाखवता फक्त रस्त्याचा नकाशा दाखवता आला असता. तीन मार्ग होते. तिन्ही मला तेव्हाच सुचले होते, नंतर नव्हे.

मी ट्रॉली रिकामी ठेवली. म्हणजे वर कोणीच नाही. आणि त्या साइटचं एक आहे — तिथे ‘माहीत नाही’ ठेवायला जागा नाही. प्रत्येक वस्तू कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. मधला प्रवास यंत्र स्वतः भरतं, अगदी सफाईने. भरलेली ट्रॉली हळूहळू, कुरकुरत वळते. माझी ट्रॉली दीड सेकंदात वळली, कारण सगळा व्हिडिओ लहान ठेवायचा होता. पाहणाऱ्याला दिसलं ते असं — सरळ चाललेली ट्रॉली, वर कोणी नाही, कसलाही इशारा नाही, अचानक वळण, धडक. खाली कोपऱ्यात ‘काल्पनिक चित्रण’ असं लिहायला जागा होती. तिथे आम्ही पोर्टलचं नाव टाकलं.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेला. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, बोरगाव, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. त्या शिक्षकांच्या घरी गेला, नामदेवच्या गावात गेला. आमच्या पोर्टलचं इतकं काहीच पाहिलं गेलं नव्हतं. विलासभाऊंनी पेढे आणले — हेही लिहून ठेवायला हवं — आणि मी एक खाल्ला. सविस्तर मजकूर दुसऱ्या दिवशी लिहायचा होता. दुसऱ्या दिवशी नवीन कार्यालयाचं उद्घाटन होतं.

त्यानंतर जे झालं ते मी तुकड्यातुकड्यांनी जाणून घेतलं. जाणून घेत राहिलो, असं म्हणणं जास्त खरं.

लोकांनी तो व्हिडिओ चित्र म्हणून पाहिला नाही. तो अपघात म्हणून पाहिला. फाट्यावर त्या वेळी जे चार-पाच जण होते, त्यांनी प्रत्यक्ष जे पाहिलं ते एका झटक्यात, धुळीत, अर्धवट पाहिलेलं होतं. व्हिडिओ त्यांनी वीस वेळा पाहिला, वरून, स्वच्छ रंगांत. तुम्हीच सांगा, कुठलं टिकेल? तपासासाठी विचारणा झाली तेव्हा बाबाराव म्हणाला, की नक्की सांगता येत नाही. पुढे पंक्चर काढायच्या निमित्ताने मी त्याच्याकडे थांबलो होतो. मी काही विचारलं नाही, त्यानेच विषय काढला. “मले लाल दिसल्यासारखं वाटलं होतं, भाऊ. पण मंग तुमचा तो पाह्यला. त्यात तं कोणीच नाही ना वर. मले भ्रम झाला असन.” तो माझी ट्यूब पाण्यात धरून बोलत होता. बुडबुडे येत होते. मी म्हणालो, “असेल.”

असेल! एवढंच.

न्यायालयात तो व्हिडिओ कुणी लावला नाही. त्याची गरज पडली नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि तिथे काय ठरेल ते ठरेल. दिवा नव्हता, हे तर आहेच. मी न्यायालयाबद्दल बोलत नाही. मी गावाबद्दल बोलतो आहे. गावात निकाल त्याच आठवड्यात लागला होता. आधी सगळे नामदेवला बोलले. न बघता वळला, गुरुजी गेले. नामदेवने काही दिवस ऐकून घेतलं. मग हळूहळू त्याने सांगायला सुरुवात केली, की मी काय करू, मागचं बघायला वर ताई होती. तिने हात काढलाच नसेल. वर बसून डोळा लागला असेल. वय झालं तिचं. तो दुष्ट माणूस नाही. त्याला कुठेतरी उभं राहायचं होतं आणि मी काढलेल्या चित्रात उभं राहायला तेवढीच जागा होती.

शेवंताबाई आधी भांडली. दारात, विहिरीवर, सगळ्यांशी. म्या हालवला, दोन डाव हालवला. तेव्हा कोणीतरी मोबाइल पुढे करायचं. “हे पाह्य ना मावशी. दिसते का कोठी तुहा हात?” तिला नीट दिसायचं नाही, ती मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहायची. पुन्हा लावायला सांगायची. स्वतःला शोधायची. हे मला तिच्याच गावच्या एका मुलीने सांगितलं, हसत हसत — की मावशी मोबाइलच्या मागेही बघते म्हणे, हात तिकडे गेला का म्हणून. त्या वर्षी तिला कुणाच्या ट्रॉलीवर बोलवलं नाही. नामदेवनेही नाही.

हे सगळं मला माहीत होतं. आणि माझ्याकडे वही होती. त्यात तारीख, वेळ, दोन माणसांचे शब्द. कुणी पाहिलं असतं तर दोन मिनिटांत पटलं असतं. दुरुस्ती टाकायला फार तर चार ओळी लागल्या असत्या. मी एकदा विलासभाऊंपाशी विषय काढला. ते म्हणाले, “आता कायले उकरून राहिले? आपण खोटं लिवलं का काही? आपण तं काही लिवलंच नाही.” ते खरं बोलत होते. आम्ही काहीच लिहिलं नव्हतं. मी खुर्ची सरकवली आणि दुसऱ्या कामाला लागलो. मला तेच उत्तर हवं होतं म्हणून मी त्यांनाच विचारलं होतं, बाबारावला नाही.

याच काळात मला बोलावणी येऊ लागली. वेब अॅनिमेशन कसं वापरावं यावर कॉलेजात बोला, शिक्षकांच्या शिबिरात बोला. मी जातो. चांगलं बोलतो. सांगतो, की जे माहीत नाही ते हलवू नका. तयार आकृतीत बसत नाही म्हणून माणूस गाळू नका. चित्र काल्पनिक असेल तर तसं मोठ्या अक्षरांत, सुरुवातीलाच लिहा. शंका असेल तर नकाशा काढा आणि थांबा. मुलं लिहून घेतात. उदाहरण म्हणून मी एक अपघात सांगतो — गाव बदलून, ‘एका पत्रकाराकडून’ असं म्हणून. एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, मग त्या बाईचं काय झालं?” मी म्हणालो, की पुढचं त्या पत्रकाराने सांगितलं नाही. आणि घड्याळ बघितलं.

आता तिचं येणं.

उन्हाळा लागला होता. दुपारी दोनच्या सुमारास शेवंताबाई बसने पांढुर्ण्याला आली आणि विचारत विचारत ऑफिसात पोचली. एकटी होती. मला तिने लगेच ओळखलं. मी खुर्ची दिली. ती तिच्या कडेला टेकली, खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी आहे अशी. मला वाटलं ती आता भांडेल, व्हिडिओ काढून टाका म्हणेल. मी त्याची उत्तरं तयार करत होतो. ती भांडायला आलीच नव्हती.

“भाऊ, त्या दिवशी तुम्ही लिवून घेऊन राहिले होते ना? मी बोलली होती तुमच्याशी.”

मी मान हलवली.

“काय बोलली होती मी?”

मला आधी प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “सगळे म्हणतेत म्या हातच काढला नाही. नामदेव बी म्हणते. आधी मले पक्कं याद होतं. आता डोळे मिटले का तुमचाच तो दिसते, मोबाइलवरचा. त्यात मी नाही. तं मले समजूनच नाही राहिलं, मी काढला होता का नाही. तुमाले त्या टायमाले मी काय सांगतलं, तेवढं सांगा. मी तेच खरं मानीन.”

ती न्याय मागत नव्हती. ती माझ्याकडे तिचं स्वतःचं वाक्य परत मागत होती. जगात ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते ठिकाण माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता.

मी म्हणालो — आणि हे शब्द जसेच्या तसे आहेत, त्यांच्याबाबत माझी आठवण पक्की आहे — “बाई, तुम्ही फार घाबरलेल्या होत्या तेव्हा. इशाऱ्याचं काही बोलल्या नव्हत्या.”

हा माझा गुन्हा. चित्र नव्हे, गप्प बसणंही नव्हे. ते सगळं याच्यापुढे लहान आहे. चित्र काढताना मला कामाची घाई होती. गप्प बसताना मी भित्रा होतो. पण त्या दुपारी घाई नव्हती, आणि समोर कुणी घाबरण्यासारखं नव्हतं. एक म्हातारी बाई होती, तिने मी सांगेन ते खरं मानायचं आधीच कबूल केलं होतं. मी असं का म्हणालो याची कारणं मला ठाऊक आहेत. ती मी लिहीत नाही. लिहिली, की ती कारणं वाटायला लागतात.

“नव्हती बोलली?” तिने पुन्हा विचारलं.

“नाही.”

तिने मान डोलावली. मग म्हणाली, “मंग नसनच काढला.” रडली नाही. उलट तिचा चेहरा थोडा सैल झाला, जसा खूप दिवस ओझं धरून बसलेल्या माणसाने ते एकदाचं खाली टाकावं. तिने पाणी मागितलं. मी दिलं. गडवा तोंडाला न लावता ती वरून पाणी प्यायली, तिने तो बाहेर नेऊन विसळून आणला आणि तीनच्या बसला निघून गेली. विलासभाऊ शेजारच्या खोलीतून म्हणाले, “कोण होतं?” मी म्हणालो, “मोहगावकडची कोणी बाई.”

मी व्हिडिओ काढून टाकला नाही. नंतर कधीतरी काढला, पण तोवर तो आमच्या साइटवर असला काय, नसला काय.

यंदाच्या हंगामात मी सौसरहून परत येताना त्याच बाजूच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. समोर शेतात ट्रॉली भरून झाली होती. ट्रॅक्टर कुणा दुसऱ्याचा होता. वर बसायला एक नवीन लग्न झालेली सून चढत होती आणि खालून तिला आधार देणारी बाई शेवंताबाई होती. ती खूप वाळली आहे. सून वर नीट बसली तरी ती बाजूला झाली नाही, तोंड वर करून सांगत राहिली. आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

“वळाच्या बहुत आधी हात पुरा बाहेर काढजो. झोप आली तं खाली उतरजो, पण बसून राहू नोको. माझ्यावानी करू नोको. म्या हात नव्हता काढला.”

“हाव ना मावशी, किती डाव सांगशीन,” वरून सून हसली.

“एक जीव गेला ना पोरी, माझ्यानं.”

ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॉली रस्त्यावर येईपर्यंत शेवंताबाई तिच्याकडे बघत उभी राहिली. मग वळली तेव्हा तिला मी दिसलो. तिने पदर सारखा केला, ओळखीचं हसली आणि रस्त्यापलीकडून विचारलं, “बरे आहा ना, भाऊ?”

मी हो म्हणालो.